फायलींमधला मजकूर काढणारी पायथन स्क्रिप्ट अडली तर कुठे बघायचं

पायथन शिकायला लागल्यावर लोक जी पहिली खरोखर उपयोगाची स्क्रिप्ट लिहितात ती बऱ्याचदा हीच असते. एका फोल्डरात संस्थेचे जुने अहवाल नाहीतर दिवाळी अंकाचे लेख पडलेले असतात, काही वर्डमध्ये, काही पीडीएफ, काही साध्या टेक्स्ट फायली, आणि त्या सगळ्यातला मजकूर उपसून एका फायलीत जमा करायचा असतो. ओळी जेमतेम वीस-पंचवीस. आणि मग ती चालत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे चालते, एरर वगैरे काही नाही, फक्त आउटपुटची फाइल रिकामी, नाहीतर आत भलतंच काहीतरी.

अशा वेळी सगळे काय करतात तर मजकूर काढायची जी मेन ओळ आहे तिच्याच मागे लागतात, लायब्ररी बदल, दुसरी टाक, तिसरी टाक, चॅटबॉटला सांगून पूर्ण स्क्रिप्टच नवीन आण. आता गंमत अशी की त्या ओळीत गडबड क्वचितच असते. गडबड असते तिच्या आधी नाहीतर नंतर: फाइल सापडते का, उघडते का, वाचल्यावर हातात नक्की काय येतं, आणि ते लिहिताना काय होतं. आणि मराठी फायली असतील तर खूपदा कोड बरोबर असतो, फाइलच गंडलेली असते. त्यामुळे आधी जागा शोधायची, दुरुस्ती नंतर.

सुरू करायच्या आधी

स्क्रिप्टमध्ये कुठे ट्राय आणि खाली एक्सेप्ट आणि त्याच्या पोटात पास असं लिहिलेलं असेल तर ते आधी काढा. ट्यूटोरियलमधून उचललेल्या कोडमध्ये हे हमखास असतं आणि त्याचा अर्थ एवढाच की काहीही बिघडलं तरी मला सांगू नको. एरर आली की घाबरून लोक हे टाकतात, पण एरर हीच तर तुमच्याकडची एकमेव खरी माहिती आहे, ती दाबली की मग अंधारात चाचपडणं आलं.

दुसरं म्हणजे पूर्ण फोल्डरवर चालवू नका. एक फाइल घ्या, शक्यतो छोटी, तिचा पाथ सरळ हाताने लिहा आणि लूप सध्या कमेंट करून टाका. एका फायलीचा मजकूर नीट निघाला की मगच लूप परत चालू करायचा. हे इतकं साधं आहे की कोणी करत नाही.

ट्रेसबॅक, म्हणजे एरर आल्यावर पायथन ज्या ओळींची यादी छापतो ती, खालून वाचायचा. सगळ्यात खालच्या ओळीत एररचं नाव आणि कारण असतं, तिथून वर वर जायचं आणि तुमच्या स्वतःच्या फायलीचं नाव जिथे पहिल्यांदा दिसेल ती ओळ पकडायची. मध्ये लायब्ररीच्या आतल्या दहा-बारा ओळी येतात त्यांच्याकडे बघायचं कारण नाही. कोणाला मदत मागायची असेल तर हा ट्रेसबॅक पूर्ण कॉपी करून द्या, मोबाइलने स्क्रीनचा तिरका फोटो काढून पाठवू नका, त्यात खालची ओळच कापली गेलेली असते.

आणि प्रिंट करताना नुसतं व्हेरिएबल छापू नका. पायथन ३.८ पासून एफ-स्ट्रिंगमध्ये महिरपी कंसात नावापुढे बरोबरचं चिन्ह टाकलं की नाव आणि किंमत दोन्ही छापलं जातं, आणि किंमत अवतरण चिन्हांसकट येते, म्हणजे शेवटी स्पेस आहे का, मध्ये नवीन ओळ घुसली आहे का, काही न दिसणारं कॅरेक्टर आहे का, ते सगळं उघडं पडतं. जुनं व्हर्जन असेल तर रेपर (repr) फंक्शन वापरा, तेच काम करतं. निम्मा डीबगिंग यातच होतो, खरंच.

फाइल सापडतच नाही

फाइल नॉट फाउंड ही एरर आली की पहिली प्रतिक्रिया असते "अरे पण फाइल तर समोर दिसतेय". तुम्हाला दिसतेय, पायथनला नाही. नुसतं फायलीचं नाव दिलं तर पायथन ती चालू फोल्डरात शोधतो, आणि चालू फोल्डर म्हणजे स्क्रिप्ट जिथे आहे ते फोल्डर असं काही नसतं. आयडलमधून, म्हणजे पायथनसोबत येणाऱ्या एडिटरमधून, रन केलं तर स्क्रिप्टचंच फोल्डर धरलं जातं पण व्हीएस कोडमध्ये साधारणपणे तुम्ही जे फोल्डर उघडलंय ते धरलं जातं, म्हणून तीच स्क्रिप्ट एकीकडे चालते आणि दुसरीकडे नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ओएस मॉड्यूलचं गेट-सीडब्ल्यूडी प्रिंट करा, पाच सेकंदात कळेल.

लूपवाल्यांची ठरलेली चूक वेगळी. ओएसचं लिस्टडिर फक्त नावं देतं, पूर्ण पाथ देत नाही, त्यामुळे यादी बरोबर छापली जाते आणि पुढच्याच ओळीत ओपन आपटतं. फोल्डरचा पाथ आणि नाव जोडून द्यायला लागतं, किंवा सरळ पाथलिब वापरा आणि ग्लॉबने फायली मागवा, तो जोडलेला पाथच देतो. मी तर नवशिक्यांना पाथलिबच सांगतो, जुनी पद्धत शिकण्यात आता काही हशील नाही.

विंडोजवर बॅकस्लॅशचं प्रकरण आहेच. पाथमध्ये बॅकस्लॅशनंतर छोटा एन आला की पायथन त्याची नवीन ओळ करतो, टी आला की टॅब, आणि सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरचा पाथ लिहिला की तिथला मोठा यू बघून तो युनिकोडचा कोड समजतो आणि स्क्रिप्ट सुरू व्हायच्या आधीच सिंटॅक्स एरर देतो, ज्यात युनिकोडएस्केप असा शब्द असतो आणि वाचणाऱ्याला वाटतं आपल्या मराठी मजकुरातच काहीतरी प्रॉब्लेम आहे. मजकुराचा काही संबंध नाही. अवतरण चिन्हाच्या आधी छोटा आर टाका, नाहीतर सरळ पुढे झुकणारे स्लॅश वापरा, विंडोजलाही ते चालतात.

बाकी किरकोळ: विंडोज एक्स्टेंशन लपवतं त्यामुळे फायलीचं खरं नाव डॉट टीएक्सटी डॉट टीएक्सटी असू शकतं. वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप बऱ्याचदा वनड्राइव्हच्या फोल्डरात गेलेला असतो. स्कॅनरमधून आलेल्या फायलींचं एक्स्टेंशन कधी कधी कॅपिटल पीडीएफ असतं आणि तुम्ही एंड्सविथमध्ये छोट्या अक्षरात तपासता, म्हणून त्या गुपचूप वगळल्या जातात, आधी नावाला लोअर करून घ्या. आणि वर्डची फाइल उघडी ठेवून स्क्रिप्ट चालवली तर टिल्ड-डॉलरने सुरू होणारी एक लपलेली तात्पुरती फाइल यादीत घुसते आणि तिच्यावर स्क्रिप्ट मरते.

सापडली, पण वाचताना आपटते

साधी टेक्स्ट फाइल, मराठी मजकूर, ओपन केलं, रीड केलं, आणि युनिकोड डिकोड एरर: चारमॅप कोडेकला बाइट ०एक्स८डी वाचता आला नाही. हा ८डी विंडोजवर मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी भेटतो, आणि तो तोच का असतो ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

अक्षरं फायलीत बाइट म्हणून कशी लिहायची त्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. तुमची फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झालेली असते, त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. पण ओपनला एन्कोडिंग सांगितलं नाही तर विंडोजवर पायथन सिस्टिमचं एन्कोडिंग धरतो आणि आपल्याकडच्या इंग्लिश विंडोजवर ते सीपी-१२५२ असतं, युरोपातल्या भाषांसाठी केलेलं, एक बाइट म्हणजे एक अक्षर. आता पाय मोडायचं जे चिन्ह आहे, हलन्त, त्याचे तीन बाइट ई०, ए५ आणि ८डी. आणि सीपी-१२५२ मध्ये ८डी या जागेवर काहीच नाही, जागा रिकामी आहे. म्हणजे मजकुरात पहिलं जोडाक्षर आलं की स्क्रिप्ट तिथेच मान टाकते. आणि अशा रिकाम्या जागेवरचा बाइट फायलीत नसेलच, समजा फक्त "आमचं घर" एवढंच आहे, तर एरर येणारच नाही, उलट कचरा अक्षरं मिळतील, म्हणून एक फाइल चालली आणि दुसरी नाही असं होतं आणि माणूस दोन फायलींमधला फरक शोधत बसतो.

उपाय एका शब्दाचा आहे, ओपनमध्ये एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ लिहा, वाचतानाही आणि लिहितानाही, दर वेळी. मॅक आणि लिनक्सवर डिफॉल्टच यूटीएफ-८ असतं म्हणून मित्राच्या मॅकवर तीच स्क्रिप्ट न बदलता चालते. पायथन ३.१५ पासून विंडोजवरही हेच डिफॉल्ट करायचं ठरलेलं आहे, पण तोवर आणि त्यानंतरही लिहिलेलं बरं.

नेटवर या एररला दोन उत्तरं सर्रास मिळतात, एक म्हणजे एरर्स इग्नोर करा आणि दुसरं म्हणजे लॅटिन-१ लावा. दोन्ही करू नका. इग्नोर केलं की न कळलेले बाइट गाळले जातात, एरर जाते पण मजकूर मोडतो, आणि लॅटिन-१ ला कुठलाही बाइट चालतो त्यामुळे तो कधीच तक्रार करत नाही, फक्त सगळा कचरा करून देतो. तिसरी एक छोटी गोष्ट, पहिल्या ओळीच्या सुरुवातीला एफईएफएफ असं काहीतरी चिकटलेलं दिसत असेल तर फाइल बॉम, म्हणजे सुरुवातीची एक न दिसणारी खूण, लावून सेव्ह केलेली आहे, एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग करा, निघून जाईल.

आणि वर्डची किंवा पीडीएफची फाइल साध्या ओपनने वाचायला गेलात तर डिकोड एरर येणारच, तिथे एन्कोडिंग बदलत बसू नका. डॉक्एक्स म्हणजे आतून झिप आहे. शंका असेल तर फाइल बायनरी मोडमध्ये उघडून पहिले आठ बाइट छापा, पीके ने सुरुवात झाली तर झिप म्हणजे बहुतेक डॉक्एक्स, टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ असं आलं तर पीडीएफ. नाव काहीही असो, पहिले बाइट खोटं बोलत नाहीत. जुनी डॉट डॉक फाइल नाव बदलून डॉक्एक्स होत नाही, ती वर्ड नाहीतर लिबरऑफिसमध्ये उघडून नवीन फॉरमॅटमध्ये सेव्ह करायला लागते.

लायब्ररीच्या नावांचा घोळ

मॉड्यूल नॉट फाउंड आलं आणि तुम्ही तर आत्ताच इन्स्टॉल केलंय, तर बहुतेक मशीनवर दोन पायथन आहेत, पिपने, म्हणजे लायब्ररी इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामने, एकात टाकलं आणि स्क्रिप्ट दुसऱ्यात चालतेय. सिस मॉड्यूलचं एक्झिक्यूटेबल छापा, कुठला पायथन चालतोय ते कळेल, आणि त्याच पायथनला मायनस एम लावून पिप चालवा.

नावं पण फसवी आहेत. वर्डसाठी इन्स्टॉल करायचं पायथन-डॉक्स, इम्पोर्ट करायचं डॉक्स, आणि नुसत्या डॉक्स नावाचं वेगळंच जुनं पॅकेज पिपवर आहे ते चुकून बसतं. पीडीएफ वाचणाऱ्या पायमूपीडीएफचं तसंच, जुन्या कोडमध्ये ते फिट्झ नावाने इम्पोर्ट होतं म्हणून लोक पिपने फिट्झ टाकतात आणि ते तिसरंच काहीतरी निघतं. पायपीडीएफ२ वापरणारे ट्यूटोरियल दिसलं तर सोडून द्या, ते पॅकेज आता बंद आहे, काम पुढे पायपीडीएफ या नावाने चालू आहे आणि जुनी कॅमलकेस नावं, एक्स्ट्रॅक्टटेक्स्ट, गेटपेज वगैरे, काढून टाकलीत. चॅटबॉट अजूनही जुनं-नवं एकत्र करून देतात. आणि तुमच्या स्वतःच्या स्क्रिप्टला डॉक्स किंवा पायपीडीएफ असं नाव देऊ नका, मग इम्पोर्ट करताना पायथन लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उचलतो.

एरर नाही, पण मजकूर अर्धाच

हे जरा चिवट. वीस पानांच्या पीडीएफमधलं एकच पान आलं तर रिटर्न लूपच्या आत गेलाय का बघा, इंडेंट एक पायरी जास्त झाला की पहिल्या पानावरच फंक्शन संपतं. फक्त शेवटचं पान आलं तर जोडण्याऐवजी दर फेरीत नवीन किंमत टाकताय. आउटपुटमध्ये फक्त शेवटच्या फायलीचा मजकूर असेल तर लूपच्या आत डब्ल्यू मोडने ओपन करताय, तो मोड दर वेळी फाइल पुसून नव्याने सुरू करतो, ओपन लूपच्या बाहेर काढा. मजकुराऐवजी बाउंड मेथड असं काहीतरी छापलं जात असेल तर फंक्शनपुढचे कंस राहिलेत. आणि रीड दोनदा केलं, एकदा प्रिंट करायला आणि एकदा सेव्ह करायला, तर दुसऱ्यांदा रिकामी स्ट्रिंग मिळते कारण वाचायची जागा शेवटाला जाऊन बसलेली असते. हे डीबग करताना टाकलेल्या प्रिंटमुळेच होतं बरेचदा, म्हणजे तपासायला गेलो आणि नवीन बिघाड घालून आलो.

वर्डच्या फायलीत पॅराग्राफ आले पण तक्ते नाही आले तर ती चूक नाही, पायथन-डॉक्समध्ये पॅराग्राफ्स म्हटलं की तक्त्यातला मजकूर येत नाही, हेडर-फूटर येत नाही, टेक्स्ट बॉक्सही नाही. तक्त्यांसाठी टेबल्सवर वेगळा लूप लावा, ओळी, मग सेल. मर्ज केलेले सेल असतील तर तोच मजकूर दोनदा येतो, तेही लक्षात ठेवा.

मराठी पीडीएफ

इथे लायब्ररी बदलण्यात लोकांचे दिवस जातात, म्हणून एक चाचणी आधी करा. पीडीएफ उघडा, माउसने दोन ओळी सिलेक्ट करा, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. जे पेस्ट होईल साधारण तेच तुमच्या स्क्रिप्टला मिळणार आहे.

सिलेक्टच होत नसेल तर पान म्हणजे फोटो आहे, स्कॅन. एक्स्ट्रॅक्ट टेक्स्ट रिकामी स्ट्रिंग देणार आणि ते बरोबरच आहे. पेस्ट झालं पण इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी आली तर मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सीडॅकच्या आयएसएमचे फॉन्ट, नाहीतर कृतीदेव. या फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात, डोळ्याला मराठी दिसतं पण फायलीत मराठी नसतंच. अॅक्रोबॅट रीडरमध्ये प्रॉपर्टीजमधला फॉन्टचा टॅब उघडला की नाव दिसतं. त्या फॉन्टचा कन्व्हर्टर मिळाला तर वापरा, पण प्रत्येक फॉन्टची जुळणी वेगळी असते, श्रीलिपीचा मजकूर कृतीदेवच्या कन्व्हर्टरमधून काढला तर एका कचऱ्याचा दुसरा कचरा होतो.

तिसरा प्रकार जास्त छळतो, फॉन्ट युनिकोडच आहे, पेस्ट केल्यावर मराठीच येतं पण पहिली वेलांटी भलत्या अक्षराला लागलेली, रफार हरवलेला, जोडाक्षरांच्या जागी चौकोन. कारण पीडीएफमध्ये शब्द नसतात, कुठला आकार पानावर कुठे काढायचा एवढंच असतं, आणि कुठला आकार म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता सोबत असतो. इंग्रजीत एक आकार एक अक्षर म्हणून निभतं, देवनागरीत "क्ष" किंवा "ज्ञ" हा एकच आकार तीन चिन्हांचा असतो आणि पहिली वेलांटी टाइप करताना नंतर येते पण पानावर काढताना आधी. तक्ता अपुरा असला की मजकूर असा फुटतो. इथे मात्र लायब्ररी बदलून बघण्यात अर्थ आहे, पायपीडीएफ, पायमूपीडीएफ, पीडीएफप्लंबर, एकाच पानावर तिन्ही चालवा आणि शेजारी ठेवून बघा. तिन्हीत फुटत असेल तर तक्त्यातच नाही ते, थांबा.

मग उरतं ओसीआर, म्हणजे पानाचा फोटो काढून त्यावरून वाचणं. टेसेरॅक्ट फुकट आहे आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी बऱ्यापैकी वाचतं. यातल्या अडचणी पण ठरलेल्या: पायटेसेरॅक्ट हे फक्त वरचं वेष्टण आहे, खरा प्रोग्राम वेगळा इन्स्टॉल करायला लागतो, आणि मराठीचा डेटा वेगळा निवडायला लागतो. कमांड लाइनवर टेसेरॅक्टला लिस्ट-लँग्ज विचारा, यादीत एम-ए-आर दिसलं पाहिजे, नसेल तर कोडमध्ये कितीही लिहा उपयोग नाही. पीडीएफचं चित्र करताना रिझोल्यूशन ३०० ठेवा, पीडीएफचं चित्र करणारी पीडीएफ२इमेज ही लायब्ररी सांगितलं नाही तर २०० धरते आणि त्यात अनुस्वार उडतात. त्याला पॉपलर नावाचा आणखी एक प्रोग्रामही वेगळा लागतो, ती कटकट नको असेल तर पायमूपीडीएफच्या गेट-पिक्समॅपने चित्र काढा. आणि ओसीआरचा मजकूर डोळ्याखालून घातल्याशिवाय कुठे वापरू नका, आकडे तर अजिबातच नाही.

लिहिलं, पण उघडल्यावर चुकीचं दिसतं

टर्मिनलमध्ये चौकोन दिसले म्हणून मजकूर खराब आहे असं नाही, तिथल्या फॉन्टला देवनागरी येत नसेल. आउटपुट नोटपॅडमध्ये उघडून बघा आणि मगच ठरवा. सीएसव्ही एक्सेलमध्ये डबलक्लिकने उघडून कचरा दिसत असेल तर लिहिताना यूटीएफ-८-सिग वापरा, एक्सेलला त्या बॉमवरून कळतं. आणि स्क्रीनवर प्रिंट नीट होतं पण मोठ्या-पेक्षाच्या चिन्हाने आउटपुट फायलीत वळवलं की एन्कोड एरर येते, तर कारण परत तेच सीपी-१२५२ आहे, वळवू नका, कोडमधूनच फाइल लिहा.

मजकूर आला, आता त्यात शोधताना

मजकूर एकदम नीट आला आणि मग शब्द मोजायला रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रात, बॅकस्लॅश-डब्ल्यू (शब्दातलं कुठलंही अक्षर) लावलं तर "मराठी" या शब्दाचे "मर" आणि "ठ" असे दोन तुकडे मिळतात. पायथनच्या आरई मॉड्यूलमध्ये काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, अनुस्वार यांना शब्दातलं अक्षर धरत नाहीत. चौकटी कंसात देवनागरीची पूर्ण रेंज द्या, यू+०९०० ते यू+०९७एफ, त्यात दंड आणि मराठी आकडेही येतात, नको असतील तर वगळा.

शेवटचा घोळ डोळ्याला दिसतच नाही. "दऱ्या" हा शब्द शोधला, समोर पाच ठिकाणी दिसतोय, स्क्रिप्ट म्हणते दोन. कारण तो अर्धा र टाइप करायचे दोन रस्ते आहेत, एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. दिसायला सेम, आत वेगळं. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइज इथे मदत करत नाही. आणि जॉइनर नको म्हणून सरसकट काढून टाकलात तर दऱ्याचा दर्या होतो, डोंगरातून थेट समुद्रात. त्यामुळे रिप्लेस करताना ते तिन्ही एकत्र पकडा, र, हलन्त आणि जॉइनर, आणि त्याजागी ऱ आणि हलन्त टाका, मग शोधा.